बांगड्या आल्या का?

दुकानात आले की काका आधी सॉकेट तळहातावर तोलून बघायचे. मग खिशातून पिन काढायची, सॉकेटमध्ये खुपसायची आणि हळूच ओढायची. "पकड नाय रे याला," म्हणत सॉकेट परत काउंटरवर! शहापूरच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. लोक सॉकेट घेतात ते रंग बघून. हा एकच माणूस ते वांगी निवडावीत तसं निवडायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

काका भातसानगरला धरणावर नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर किन्हवलीत घर बांधलं आणि थोड्याच दिवसांत काकू गेल्या. मागे राहिले काका आणि त्यांचा स्टिरिओ. कमरेएवढे दोन स्पीकर, अॅम्प्लिफायर, जुना टेप. समोर खुर्च्या दोन, त्यातली एक कायम रिकामी.

कुठल्या सॉकेटवर स्टिरिओ जास्त चांगला वाजतो ते बघायला भिंतीत ओळीने तीन सॉकेटं मीच बसवून दिली. एक माझ्या दुकानातलं साधं. दुसरं धरणाच्या जुन्या क्वार्टरमधलं, काळं आणि विटेसारखं जड. तिसरं परदेशी, भाच्याकडून मागवलेलं. खोक्यातून बाहेर आलं तर त्याच्या फटी चपट्या, आणि आपली पिन गोल! काकांनी मग त्या सॉकेटसाठी चपटी पिन लावलेली वेगळी वायरच करून घेतली.

"काका, लाईट तर त्याच खांबावरून येते," मी म्हटलं.

"येते खांबावरून. पण घरात शिरते हितून ना?"



सॉकेटांची तुलना एकट्याने होत नाही. एकाने पिन बदलायची, दुसऱ्याने न बघता ऐकायचं. म्हणून सोमवारी दुकान बंद असलं की मी किन्हवलीला जायचो. त्यात लाईट असायला हवी, ते वेगळंच. कॅसेट नेहमी एकच, सतारीची. काका डोळे मिटून बसायचे आणि विचारायचे, "बांगड्या आल्या का?"

सतारीत कुठल्या बांगड्या, मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी रेडिओसमोर टेप ठेवून त्यांनी ही सतार भरून घेतली होती, तेव्हा काकू मागे तांदूळ निवडत होत्या. मी नीट कान दिला. खरंच, सतारीच्या मागे बारीक किणकिण होती. आणि मध्येच काकांचा आवाज, चांगलाच खेकसलेला: "ए गो, हात थांबव ना जरा!"

त्यापुढे नुसती सतार.

"माझं वरडणं बरोबर ऐकू येतं," काका म्हणाले. "बांगड्या नाय येत. आधी यायच्या. लाईनीतच काय तरी बिघडलंय."

मला तर तिन्ही सॉकेटांवर बांगड्या सारख्याच ऐकू येत होत्या. बिघाड कुठे होता ते तुम्हालाही कळलं असेल. पण ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

एका सोमवारी त्यांनीच विषय काढला. "सॉकेट नाय रे, कानच गेले माझे. मुरबाडला दिलेल्या माझ्या पोरीने कानाचं मशीन आणून दिलं. त्यात सतार पत्र्यासारखी वाजते, बांगड्या तशाच गायब."

"मग ही सॉकेटं कशाला बदलत बसलो आपण?"

"नायतर तू आला असतास का?"

मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून पिनांची अदलाबदल बंद झाली. मी दुसऱ्या खुर्चीत बसायचो आणि बांगडी वाजली की बोट उचलायचो. काका आता डोळे उघडे ठेवून माझ्या बोटाकडे बघायचे. बोट वर झालं की हसायचे. स्वतःचं खेकसणं जवळ आलं की मान खाली घालायचे.

मागच्या वर्षी मुलगी त्यांना मुरबाडला घेऊन गेली. तिच्या घरात एवढे स्पीकर मावणार नव्हते. काकांनी कॅसेट तेवढी खिशात घातली. तिकडे बोट कोण उचलणार, हे विचारायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं. दिवाळीच्या आधी ते गेल्याचा फोन आला. सोमवारी अजून मला करमत नाही.

परवा एक बाई बल्ब घ्यायला आल्या. पिशवी उचलताना त्यांच्या बांगड्या काउंटरच्या काचेवर वाजल्या आणि माझं बोट आपोआप वर गेलं.

"काय झालं, शेठ?"

"काय नाय, वहिनी," मी म्हणालो. त्या रस्त्याला लागेपर्यंत बोट मात्र तसंच वर ठेवलं.