जोड लावणारे आबा

भोरच्या एसटी स्टँडवर धोंडीआबा बाकावर बसलेले दिसले, तरी ते गाडीची वाट बघत असतीलच असं नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जोड्या लावत असत. "त्यो कंडक्टर आन् ह्यो केळीवाला. बरोबरीची जोड हाय," असं पुटपुटत. कंडक्टरला आणि केळीवाल्याला याचा पत्ताही नसायचा. आबांच्या मनात मात्र दोघं लंगोट कसून मातीत उतरलेले असायचे.

आबा आमच्याच गावचे, आंबवड्याच्या अलीकडचे. तरुणपणी पैलवान होते, त्याची खूण म्हणून दोन्ही कान मोडलेले. पुढे कित्येक वर्षं यात्रेत कुस्त्यांची जोड लावायचं काम त्यांच्याकडे होतं. जत्रेतल्या कुस्त्यांना फेऱ्या, उपांत्य, अंतिम असला प्रकार नसतो. तोलामोलाचे दोन गडी समोरासमोर आणायचे आणि त्या जोडीला इनाम पुकारायचं. पोरासोरांना नारळ, मग एक्कावन्न, एकशे एक, असं शेवटच्या कुस्तीपर्यंत चढत जायचं. कुस्ती रंगली तर बघणारेही आपल्या खिशातून भर घालतात. "आदी जोड, मंग इनाम," हे आबांचं ठरलेलं बोलणं होतं.

तीन वर्षांपूर्वी यात्रा कमिटीने मोबाईल गेमची स्पर्धा ठेवली. खटपट माझीच. माझं भोरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दोघांनी समोरासमोर लढायचा मारामारीचा एक गेम मी बरा खेळायचो. बरा म्हणजे पुण्यातला एक संघ मला सरावाला बोलावत होता. अडचण एकच, आमचे अण्णा. त्यांचा टेम्पो आहे आणि ढकलल्याशिवाय चालू न होणाऱ्या त्या टेम्पोइतकाच त्यांचा स्वभाव कडक. त्यांनी सांगून टाकलं होतं, "त्या मोबाईलातनं एकदा धा हजार काडून दाव, मंग जा पुन्याला. न्हाईतर एक तारखेपास्नं शिरवळच्या कंपनीत." वर्गणीतून पंधरा हजार जमले होते. पहिल्या नंबराला सगळे पंधरा, अशी माझी योजना होती. पहिला नंबर कोणाचा, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

कमिटीने इनामाचं काम आबांवर सोपवलं आणि माझ्या योजनेवर पाणी पडलं.

"एकालाच पंधरा?" आबा म्हणाले. "मंग बाकीची चाळीस पोरं कशाला येनार? मांडव भराया?"

"आबा, आमच्या खेळात असंच असतं. शेवटी उरेल त्याला सगळं."

"मंग त्यो खेळ न्हाई इक्या, लॉटरी हाय."

बक्षीस मोठं असेल तर पुण्याची पोरं येतील, गावाचं नाव होईल, असं मी परोपरीने सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पंधरा हजारांच्या वीस जोड्या केल्या. शेवटच्या जोडीला दोन हजार एक. जिंकलो असतो तरी अण्णांपुढे काय ठेवणार होतो? मी आठ दिवस आबांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा जास्त राग आला.

यात्रेच्या दिवशी सकाळी मंदिरासमोरच्या मांडवात टीव्ही लावला. मोबाईलवर चाललेलं सगळं त्यावर दिसणार होतं. आबांना कोणीतरी सांगितलं होतं की हा खेळ सगळा अंगठ्याचा. त्यामुळे पैलवानाची मान चाचपावी तसे ते एकेकाचा अंगठा चाचपून जोडी लावायला लागले. उसाच्या मोळ्या बांधून अंगठा राकट झालेल्या एकाला त्यांनी दहा मिनिटं निरखलं आणि आमच्यातल्या चांगल्या खेळाडूसमोर उभं केलं. तो अर्ध्या मिनिटात आडवा. "हितं आमचं चुकलं," आबांनी माईकवरच कबूल केलं आणि हरलेल्यालाही नारळ दिला.

माझी जोड शेवटची. वेल्ह्याहून दीक्षा म्हणून एक कॉलेजची मुलगी सकाळच्या एसटीने एकटीच आली होती. आबांनी तिचा अंगठा पाहिला, माझा पाहिला आणि म्हणाले, "हं. ही जोड." अंगठ्यावरून लावलेली तेवढी एकच जोड बरोबर निघाली.

पहिला डाव माझा, दुसरा तिचा. आबा माईकवरून सांगत होते. पडद्यावरच्या गड्याने लाथ मारली तरी आबांच्या तोंडी धोबीपछाडच. पण त्यांच्यामुळे म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरकून बसली. तेवढ्यात टेम्पो रिकामा करायला मला शोधत अण्णा आले आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. तिसरा डाव लांबला. मी हरलो.

मांडवात टाळ्या चालू असतानाच मागून आवाज आला, "माजे शंभर! त्या पोरीला!"

आवाज अण्णांचा होता. कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जन्मदात्या बापाने माझ्या पराभवावर इनाम लावलं होतं. आबा मात्र नोट घेताना असे हसले की मला त्यांचाही राग आला.

टेम्पोतली पोती उतरवताना अण्णा पहिल्यांदा गेमबद्दल बोलले. "ती खाली बसली की तू दरटायमाला उडी मारत व्हतास. तिनं वळखलं की ते."

"माहितीय," मी म्हणालो.

"मंग मारलीस कशाला?"

मी पुढचं पोतं पाठीवर घेतलं. शेवटचं पोतं उतरल्यावर त्यांनी विचारलं, "पुन्यातली पोरं हिच्यापरीस चांगली खेळत्यात का?"

"हो."

"मंग जा तिकडं. हितं दुकानात बसून ही खोड जायची न्हाई."

मी पुढच्या सोमवारी गेलो. चार महिन्यांनी एका स्पर्धेत तिसरा आलो, चार हजार मिळाले. आबांना फोन केला. त्यांनी रक्कम विचारलीच नाही. "बगाया मानसं किती व्हती?"

"तिथं कोणी नाही आबा. हॉल बघणाऱ्यांना बंद होता. पण मोबाईलवर पुष्कळ लोक बघत होते."

"मोबाईलवर म्हंजी कुनीच न्हाई. फुडल्या बारीला म्या येतो."

ते आले नाहीत. त्याच महिन्यात, दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. राग धरला होता ते आठ दिवस मला परत हवे आहेत.

पुढच्या स्पर्धेला अण्णा टेम्पो घेऊन पुण्याला आले. हॉलमध्ये बघणाऱ्यांसाठी जागाच नव्हती, तर भांडून खुर्ची मिळवली आणि माझ्या मागे बसले. मी पहिल्याच फेरीत हरलो. बक्षीस शून्य. त्यांच्याच टेम्पोतून गावी परतताना नसरापूर फाट्यापासून भोर येईपर्यंत ते मला माझ्या चुका सांगत होते, त्यातल्या दोन अगदी बरोबर होत्या. आणि मी, हरलेला, त्यांच्या शेजारी खुशाल ऐकत बसलो होतो.