हर्रासमामांचे शेक

बंद खोलीत, चेहऱ्यावर जाळी घालून, डोकं टेबलाला जखडून तुम्हाला एकट्याला झोपवलं तर तुम्ही किती वेळ गप्प पडून राहाल? आमचे हर्रासमामा रोज असे, तीन आठवडे राहिले. आणि हा माणूस जेवतानासुद्धा गप्प बसायचा नाही.

खामगावच्या भाजीबाजारात ते पहाटे हर्रास बोलायचे, म्हणजे मालाचा लिलाव पुकारायचे. आवाज रस्त्यापलीकडे जायचा, पण खरी तेज होती ती नजर. गर्दीत कुणी डोकं खाजवायला हात उचलला तरी ती पकडायची. "हात खाली घे बे, नाहीतर हा ढीग तुह्याच नावावर जाईन!" त्यांचं घर आमच्या घराला लागून. लहानपणी मी बाबांबरोबर बाजारात सभेची पत्रकं वाटायचे, तेव्हा मामा लिलाव थांबवून ओरडायचे, "घ्या रे, पोरगी फुकटात वाटून राह्यली, याची बोली नाही!"

मग घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी किरणांचे शेक सांगितले, तेही मोठ्या शहरात, शनिवार-रविवार सोडून रोज. भेटायला येणारा प्रत्येक जण "हिंमत ठेवा" म्हणून जायचा. मामा घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "लोकायनं एवढी हिंमत आणून टाकली, ठेवाले घरात जागा नाही राह्यली." लोक हसत निघायचे. ते गेले की मामा भिंतीकडे तोंड करून पडायचे. ऐन थंडीत दार उघडं ठेवायला लावायचे. पांघरूण चेहऱ्यावर आलं की दचकून उठायचे. मामींना वाटलं, औषधाची उष्णता असेल.

असे तीन आठवडे गेले आणि एके दिवशी त्यांनी जाणंच सोडलं. "बस झालं. बरं वाटून राह्यलं." मामींनी मला बोलावलं. मी तावातावाने खूप बोलले. मध्येच उपचार सोडले तर काय होतं, तेही सांगितलं. मामांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"डोकं हालू नये म्हनून तोंडावर जाळी ठोकतात, पोरी. मंग सारे निंघून जातात. दार लागते. मी अंदर मेलो तं कोणाले समजीन?"

"मामा, हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"कोणी पुसलंच नाही."

खरंच होतं. दवाखान्यात वजन मोजत होते, रक्त तपासत होते. माणूस घाबरलाय का, हे बघणं कुणाचंच काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले ती भांडायच्या तयारीनेच. मशीन चालवणारी मुलगी रांगेला कंटाळलेली होती. तरी तिने मामांना आपल्या खोलीत नेऊन पडदा दाखवला. त्यावर आतलं रिकामं टेबल दिसत होतं. "काका, आम्ही इथून पूर्ण वेळ तुम्हाला बघतो. त्रास झाला तर हात वर करायचा. मशीन लगेच थांबते."

मामा पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजे हात पाह्याले माणूस हाये?"

त्या दिवशी शेक सुरू झाला आणि लगेच पडद्यावर हात वर झाला. मशीन थांबली. मुलगी धावत आत गेली, जाळी काढली. "काय झालं काका?"

"काई नाही. पाह्यलं फक्त."

ती चिडली नाही. जाळी पुन्हा बसवली.

भीती गेली नाही. पण शेक पूर्ण झाले. आवाज मात्र परतला नाही. हर्रास दुसरा कुणी बोलू लागला. मामा चहाच्या टपरीवर बसून ऐकायचे आणि त्याच्या चुका मला खुणेने सांगायचे. पुढे आजार उलटला आणि ते गेले. शेवटपर्यंत लोक त्यांच्या धीराचं कौतुक करत होते. ते ऐकूनच मी थकले.

तुमच्या गल्लीतलं कुणी शेक घ्यायला जात असेल, तर फळं नेऊ नका. एक दिवस सोबत जा. दार लागेल तिथपर्यंत जा आणि ते उघडेपर्यंत थांबा. माणूस बाहेर आला की शेजारी बसा आणि विचारा, आत काय वाटलं. उत्तर लवकर येणार नाही. उठू नका.