गायकवाड काकांचं येता-जाता इंग्रजी

गायकवाड काका सकाळी जिन्याच्या पायरीवर माझी वाट पाहत बसायचे. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. लातूरहून नांदेडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले होते. मी खाली उतरले की ते उठून उभे राहत, एक इंग्रजी वाक्य बोलत आणि विचारत, "दहापैकी किती?" मार्क घेतल्याशिवाय वाट सोडत नसत.

विष्णुपुरीच्या धरणावर पाण्याची पातळी नोंदवण्यात त्यांची सारी नोकरी सरली. इंग्रजी येत होतं, पण ते सरकारी पत्रांतलं. कॅनडातल्या सात वर्षांच्या नातीला, रियाला, ते फोनवर म्हणाले, "आय ॲम इन गुड हेल्थ अँड होप यू आर द सेम." ती खिदळली आणि फोन आईच्या हातात देऊन पळाली. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरात बोलायला माणूस नाही आणि रविवारी फोनवर भेटणारी ही एकुलती नात, तीही हसून पळते. ते थेट माझ्याकडे आले.

"मॅडम, मला बोलाचालीतलं इंग्लिश पाहिजे. पोरगी बोलती तसलं. पण क्लास-बिस नको. ह्या वयात वही घेऊन बसलो तर गल्ली हसंल. येता-जाता सांगत चला."

मग नळावर, गच्चीत कपडे वाळत घालताना, स्कूटी पुसताना आमची शिकवणी सुरू झाली. शिकलेला वाक्प्रचार ते दिवसभर गल्लीत फिरवायचे. भाजीवाल्या शांताबाईला त्यांनी 'लाँग टाइम नो सी' म्हणजे लई दिवसांनी दिसलात, असं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आवं काका, कालच तर मेथी नेली की तुमी!"

'वन्स इन अ ब्लू मून'ला मात्र ते हटून बसले. "धरणावर तीस साल काढले मॅडम. निळा चांद कवाच दिसला न्हाई."

"म्हणूनच काका. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला तसं म्हणतात."

त्यांनी तो वाक्प्रचार दोनदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाले, "माय डॉटर कम्स होम वन्स इन अ ब्लू मून. दहापैकी किती?"

"दहा," मी म्हणाले. वाक्यात चूक नव्हती.

एका सोमवारी मी लातूरहून परतले, तर ते पेढे घेऊन उभे. आदल्या दिवशी रियाला त्यांनी 'आय ॲम ऑल इअर्स', म्हणजे मी कान देऊन ऐकतोय, असं म्हटलं होतं. "वीस मिनटं बोलली! मयतरणीचं भांडण सांगितलं सगळं. मी निस्ता ऐकून राहिलो." त्या दिवशी त्यांनी मार्क विचारले नाहीत.

पुढे त्यांच्या मुलीची, सुजाताची, ड्यूटी बदलली, रिया पोहायला जाऊ लागली आणि फोन आखडले. "कसं चाललंय काका?" असं मराठीत विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकदम ठणठणीत हाय." इंग्रजीत मात्र एकदा म्हणाले, "आय ॲम अ फिश आउट ऑफ वॉटर इन माय ओन हाऊस." आपल्याच घरात परका झालेला तो माणूस समोर उभा होता आणि मी उच्चारासाठी एक मार्क कापून नऊ दिले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्या गुरुवारी ते पायरीवरून उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "मॅडम, टुडे आय ॲम अंडर द वेदर." तब्येत बरी नाही हे सांगायची ही पद्धत मीच त्यांना शिकवली होती. मला पहिल्या तासाला उशीर होत होता. "दहापैकी दहा!" म्हणत मी स्कूटी काढली.

दुपारी आले तर घरापुढे माणसं जमलेली. दवाखान्यात पोचेपर्यंत काका गेले होते.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सुजाता रियाला घेऊन आली होती. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, आणि सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा मला फोनवर नेहमी ठणठणीत आहे म्हणायचे. तुम्हाला तरी काही बोलले होते का?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"बोलले होते," मी म्हणाले. "त्याच सकाळी. पण इंग्रजीत सांगितलं, आणि मी फक्त इंग्रजी ऐकलं."