एकाच बटणाची गिटार

लग्नात बँड वाजवणाऱ्यांकडे किस्से मागावे लागत नाहीत. लोकांना आपलं एकच लग्न आठवतं, आम्हाला सगळ्यांची आठवतात! नव्वदच्या दशकातल्या आमच्या वसईच्या बँडमध्ये मी ड्रम्सवर आणि पाचूबंदरचा इनास गिटारवर. दिवसा दोघंही वालीवच्या एकाच कारखान्यात. निम्मे किस्से त्याच्या गिटारचेच.

*

त्याच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारवर इतकी बटणं होती, की कुठलं कशाचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. एकदा नवरा-नवरी हॉलच्या दारात आले आणि गिटार मुकी! इनासने घाबरून दिसेल ते बटण पिळलं. अशी किंकाळी निघाली, की नवरीने हातातली फुलं टाकून नवऱ्याला घट्ट मिठीच मारली. तेवढ्यात नवऱ्याचा मामा स्टेजजवळ येऊन म्हणाला, "झकास! फोटो राहिला, परत एकदा करा ना!"

*

इनासचे बाबा मात्र हसले नाहीत. त्यांची मासेमारीची होडी होती आणि एकुलता एक मुलगा गिटार घेऊन फिरतो, हे त्यांना मुळातच पटत नव्हतं. त्यात इनासच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं आणि बँड आमचाच.

"पोरीच्या लग्नात ही बंद पडली, तर खाडीत टाकीन," ते म्हणाले. "आनि दुसऱ्या दिवशी तू होडीवर यायचं!"

इनासचा चेहरा पडला. बाबा बोलले की करायचेच.

*

म्हणून आम्ही नवी गिटार घ्यायला गेलो. दुकानदाराने कौतुकाने बटणांनी भरलेली एक पुढे केली. "यात सगळे फीचर्स आहेत!"

इनास म्हणाला, "मला वाजवायचीय, चालवायची नाय."

शेवटी कोपऱ्यात एक लाल गिटार सापडली. आवाजाचं एकच बटण, बस्स! दुकानदार नाक मुरडत म्हणाला, "ती शिकाऊ मुलांची आहे हो."

"मग द्या. बटणांच्या बाबतीत मी शिकाऊच!"

*

घरी इनासची आई, आमच्या मावशी, अडून बसल्या. नवी होडी आशीर्वादाशिवाय पाण्यात जात नाही, मग गिटार कशी वाजेल? फादर आले. त्यांनी जपून चार थेंब शिंपडले.

"एवढ्यानं काय व्हतंय, फादर? होडीला तर चांगलं भिजवता!" असं म्हणत मावशींनी पवित्र पाण्याचं अख्खं भांडं गिटारवर ओतलं!

आम्ही तर सोडाच, फादरसुद्धा "आई गं!" म्हणून ओरडले. मग गिटार बोंबील वाळवायच्या बांबूंवर उन्हात टांगली, बोंबलांच्या शेजारी. प्रॅक्टिसला इनासने तार छेडली आणि चक्क वाजली! मी फुलपाड्याचा शाकाहारी माणूस. नाकाला रुमाल बांधून ड्रम्स वाजवले.

*

लग्नाचा दिवस. गिटार सुरेख वाजत होती. इतक्यात बाबा गर्दीतून तडक स्टेजवर चढले. आमचे हात जागच्या जागी थांबले.

बाबांनी गिटारकडे निरखून पाहिलं. "एकच बटन हाय?"

"हो, बाबा."

"मंग दे इकडं."

इनासने गिटार दिली. खाडी हॉलच्या मागेच होती. बाबांनी पट्टा खांद्यावर घेतला, डोळे मिटले आणि एक जुना संथ वॉल्ट्झ असा वाजवला, की माझ्या अंगावर काटा आला. एक सूर चुकला नाही!

इनास स्टेजच्या कडेला येऊन वाकला. स्टेजखाली उभ्या असलेल्या मावशींना त्याने कसंबसं विचारलं, "आई, बाबांना गिटार येते?"

मावशी नवऱ्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "मंग? मी काय होडी बगून लगीन केलतं?"