कडुलिंबाखालच्या सोलर प्लेटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर मुळीच नाही, गाव तिच्याच माहेरचं होतं. तुम्ही ना नात्यातले, ना गावातले, म्हणून आज तोंड उघडतोय. आजच का? माहीत नाही. फार आतून काही उसळून आलंय म्हणावं, तर तसंही नाही. तिथं आता काही दुखतच नाही.

मी फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. बोरीच्या पलीकडची खेडी आमच्याकडे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेला होता, नामांतर मात्र व्हायचं होतं. वस्त्या जळाल्या होत्या, त्या पुन्हा उभ्या राहत होत्या, आणि लोक एकाच रस्त्यानं एकमेकांकडे न बघता जायचे. गाडीत पोलिओच्या डोसासाठी छोटा फ्रीज होता. तो बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी भरायला दोन सोलर प्लेटा होत्या, घडी करून टपावर बांधलेल्या. गावात पोचलं की त्या उतरवायच्या, उन्हाकडं तोंड करून मांडायच्या, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, आणि मीटरच्या काट्याकडं बघायचं. काटा उठला की झालं काम. एवढंच. पण तेव्हा असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून मी लय मिजास करायचो. "हे ऊन पितं बरं का," असं जमलेल्या बायामाणसांना सांगायचो.

बायकोच्या गावाला गेलो त्या खेपेला गाडीचा डायनामो बिघडला होता. म्हणजे इंजिन कितीही चालवलं तरी बॅटरी भरणार नव्हती. सगळी भिस्त प्लेटांवर. आणि डोस गरम झाला की औषध मरतं, मग पाजलं काय न् पाणी पाजलं काय — हेही मला शिकवलेलं होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता सांगा, जावयाची गाडी सासुरवाडीत कुठं उभी राहणार? सासऱ्याच्याच दारात. दारात कडुलिंब होता, एवढा पसरलेला की भर दुपारीही अंगणात ऊन उतरत नव्हतं. खाट टाकली, तिच्यावर नवी सतरंजी. मेव्हणा प्लेटा उतरवायला स्वतः धावला. "दाजी, हितंच मांडा. बघू द्या की लोकांला." मांडल्या. वायरी जोडल्या. काटा हलला नाही.

तेवढ्यात गयाबाई आली. बौद्ध वस्तीतली, काखेत सुमन, तिची तान्ही पोर. अंगणाबाहेर रस्त्यावरच थांबली आणि म्हणाली, "दादा, सावलीत कशाला ठिवल्यात? आमच्या पत्र्यावर टाका की. दिवसभर ऊन हाय तिथं."

मीच शिकवलेलं ती मला सांगत होती. मेव्हणा हसला. सासरे हसले नाहीत. "जावईबापू, तिकडं जायचं असंल तर जेवायला बी तिकडंच बसा." बास. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. मी गयाबाईला "बघतो" म्हणालो आणि शेवया खायला आत गेलो.

वस्तीत नाही तर नाही, माळावर नेता आल्या नसत्या का? आल्या असत्या की. दोन माणसांचं काम. पण ती बोलल्यावर उठलो असतो तर तिचं ऐकून उठला, असं दिसलं असतं. तेवढ्यासाठी बसून राहिलो. त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही.

डोस पाजायच्या आधी फ्रीज उघडला. आत गाडीइतकंच गरम. मग मी काय केलं? आतला पाऱ्याचा थर्मामीटर काढून खिशात घातला. बाटल्या सासूबाईंच्या रांजणात बुडवून ठेवल्या, हाताला गार लागाव्यात म्हणून. सिस्टर आल्या, नवीनच होत्या. "थंड आहे ना हो सगळं?" "एकदम गार," मी म्हणालो. त्यांनी बाटली हातात घेतली आणि लाईन लावायला सांगितली. खरं बोललो असतो तर खेप रद्द झाली असती, आणि प्लेटा सावलीत का, हे विचारलं गेलं असतं. दुसरं काही झालं नसतं.

अजून एक आहे. पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या मुलाला मी काहीतरी निमित्त काढून परभणीला नेलं आणि तिथं परत डोस पाजून आणला. फक्त त्याला.

पुढं काही महिन्यांनी सुमनला ताप आला आणि तिचा डावा पाय लुळा पडला. एका डोसानं काय होतं, असं म्हणू नका. ते मी स्वतःला खूप वेळा सांगून बघितलंय.

पण मला जे सांगायचंय ते हेही नाही. ते पुढं आहे.

आमची खेप परत त्या गावी गेली. गयाबाई पोरीला घेऊन थेट गाडीपाशी आली. रडत नव्हती. "दादा, डोस तर पाजला व्हता ना हिला?" तिला कुणाला तरी धरून विचारायचं होतं, आणि मी ओळखीचा होतो. मी म्हणालो, "पाजला होता. पोरीनं थुंकला असंल. तोंड नीट धरायला पाहिजे होतं तुमी."

तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "व्हय. ओठावर आला व्हता वाटतं जरासा."

मी वायरी जोडत राहिलो.

त्यानंतर ज्या ज्या वेळी गावात डोस असायचा, गयाबाई सगळ्यांच्या आधी हजर. लाईनीत उभी राहून एकेका लेकराची हनुवटी धरायची. दोन्हीकडच्या बायांना सांगायची, "धरा गं नीट. मी धरलं न्हाई, माझ्या पोरीचा पाय गेला." मोठ्यानं सांगायची, लाजायची नाही. सिस्टर तिचं कौतुक करायच्या. मी तिथंच असायचो, प्लेटा उन्हात मांडलेल्या, काटा वर. नोकरी होती तोवर प्रत्येक खेपेला ऐकलं.

नामांतर झालं. मी रिटायर झालो. गयाबाई आहे अजून. सुमन काठी घेऊन चालते. आईनं हयगय केली, असं सुमनलाही वाटतं. घरात एकदा बोलणं झालं म्हणे तसं.

त्या दिवशी गयाबाईनं पोरीला घट्ट धरलं होतं. मी समोरच उभा होतो. ओठावर एक थेंबही आला नव्हता.