होडीतला नळ

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, याचा वैयक्तिक अपमान वाटणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात फिटरकी करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर सावेडीत बंगला बांधला आणि लोक जिथे गाडी लावतात त्या पोर्चमध्ये शिडाची होडी बांधायला घेतली. स्कूटर बिचारी तेव्हापासून उन्हात. अर्धवट काम आणि गळका नळ या दोन गोष्टी त्यांना सहन होत नाहीत. जेवताना थेंबाचा आवाज आला, तर खरकट्या हातानं उठून वॉशर बदलतील, मग नळ कुणाचाही असो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी कार्यालयाचे तीन नळ खोलले. पंगतीला हात पुसूनच उठावं लागलं.

होडी तयार झाली तेव्हा आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेहुणीनं, एकच अट घातली. "बसंन मी, पण त्या पाण्याचा घोट घेनार न्हाई." आक्कांचं माहेर धरणात गेलं. घर, चिंच, विहीर, सगळं. माझी बायको तेव्हा पाळण्यात होती. आम्हा दोघा जावयांना तर ती सासुरवाडी कधी दिसलीच नाही. होडी जाणार होती ती त्याच गावावर.

मी म्हटलं, "त्यात काय, बाटली न्या."

"पाव्हणं," साडू म्हणाले, "माहेरी कुनी बाटली घेऊन जातं व्हय? तिथं पानी घरचं पायजे, नळाचं. होडीतच नळ बसवू."

इथे मी अक्कल पाजळली. आयुष्यात एक घर बांधल्यापासून मी स्वतःला इंजिनियर समजतो. नगरात टाकी कुठे असते? गच्चीवर! मी पन्नास लिटरची टाकी होडीच्या टपावर चढवायला लावली. "पाणी आपोआप उतरेल, पंप कशाला?" पाणी उतरलंच, पण त्याआधी मी उतरलो. शिडात वारा भरला, वरचं पाणी एका अंगाला हिंदकळलं, होडी कलंडली आणि टाकी, नळ व मी एकदमच धरणात. साडूंनी आधी टाकी ओढली. "तुमी तरंगताय, ती बुडाली असती!"

काठावरून आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. नशिबात न्हाई ते न्हाई." आणि पाठ फिरवून चालू लागल्या.

"टाकी तळाला जाईल," साडू ओल्या धोतरानिशी ओरडले, "आन तू माहेरी जाशील!"

महिनाभर ते होडीच्या पोटात आडवे होते. टाकी तळाशी, पायानं दाबायचा पंप, नळी, छोटं बेसिन. टाकी सात वेळा धुतली. प्लास्टिकचा वास गेला का, हे दर वेळी स्वतः पिऊन पाहिलं. मला फक्त बॅटरी धरायची परवानगी होती, तीही लांबून.

शेवटी एका सकाळी डोंगराच्या खुणेवरून गावाचा अंदाज घेऊन त्यांनी शीड उतरवलं. आक्कांनी पंपावर पाय दिला. नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. आक्कांनी पेला भरला. आम्हाला वाटलं, आता पितील. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पेला नवऱ्यापुढे धरला. दुसरा भरून माझ्यापुढे.

"घ्या. जावई पहिल्यांदा घरी आलेत, आधी पानी नको व्हय?"

आम्ही दोघांनी पेले रिकामे केले. नळ थेंब थेंब गळत होता. साडूंना ऐकू येत असणारच. पण ते उठले नाहीत.