फ्री केल्यावर कोण वापरतंय?

घानातल्या कुमासी शहरातल्या आमच्या बेकरीत सेरवा येईपर्यंत माणसंच पाव मोजायची. ती आधी रेडिओ दुरुस्त करायची. तिने पट्ट्यावरून जाणारे पाव मोजणारं कार्ड बसवलं आणि त्याचं म्हणणं कॉम्प्युटरला कळावं म्हणून ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला.

दर शनिवारी कार्डात साचलेलं पीठ झटकायचं, त्याआधी ड्रायव्हर कॉम्प्युटरमधून उतरवायचा. उतरवताना कधीकधी कॉम्प्युटरच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, इशारा येई. मालक नाना बाफोंनी हट्टाने असे सगळे इशारे स्वतःच्या फोनवर मागवले होते. एका शनिवारी ते ओरडतच आत आले.

"‘फ्री केल्यावरही वापर चालू!’ कोण खातंय रे माझे पाव फुकट?"

आम्हा भट्टीवाल्यांना रांगेत उभं करून त्यांनी पिशव्या उलट्या केल्या. माझ्या पिशवीतून अर्धा पाव पडला. तोही समोरच्या बेकरीचा.

"ओडुरो, यापेक्षा चोरला असतास तर बरं!"

"नाना, फ्री म्हणजे फुकट नव्हे हो," सेरवा म्हणाली. "कॉम्प्युटरच्या मेमरीतली मोकळी केलेली जागा. ड्रायव्हर जागा सोडून जातो, तरी कुणीतरी ती वापरतंय."

"मग धरा त्याला!"

तिने ड्रायव्हर दहादा चढवला, उतरवला. इशारा नाही. पट्टा बंद होता ना! पाव जात असतानाच उतरवून बघायला हवं होतं, पण आमचा माल गाडीतून गेलेला. उरला माझा अर्धा. मी तो पट्ट्यावर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला नानांनी उचलायचा आणि धावत मला आणून द्यायचा. समोरच्या बेकरीचा पाव छातीशी धरून नाना घामाघूम.

सतराव्या फेरीला इशारा आला.

"सापडला!" सेरवा म्हणाली. पाव गेला की ड्रायव्हर क्षणभरानंतरचा गजर लावी, मोजणी पक्की करायला. ड्रायव्हर जागा मोकळी करून निघून जाई आणि गजर मागाहून रिकाम्या घराची कडी वाजवी. तिने क्रम बदलला: आधी कार्डाचं ऐकणं बंद, मग गजर रद्द, तो पुरता थांबेपर्यंत वाट, शेवटी जागा मोकळी. पुढच्या पन्नास फेऱ्या कर्नल गप्प. पावाची वीट झाली.

पुढच्या शनिवारी नाना अर्धी दाढी करून धावत आले.

"मेसेज आला नाही!"

"येणारच नाही, नाना. बिघाड गेला."

"मग काही झालं नाही, हे मला कळणार कसं?"

सेरवाने पीठ झटकायला ब्रश उचलला.